सात वर्षांत एकदाही नापास नाही, म्हणून घ्यायची का गाडी?

पत्र आधी थोडक्यात देते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल (एमओटी म्हणजे ब्रिटनमधली गाड्यांची सक्तीची वार्षिक तपासणी):

"ताई, आम्ही ब्रिटनमध्ये येऊन चार वर्षं झाली, दोन लहान मुलं आहेत, उन्हाळ्यात सासू-सासरे येऊन राहतात. आता जुनी फॅमिली कार घ्यायचीय. मंडळातले एक काका त्यांची सात सीटर डिझेल विकतायत, सप्टेंबर २०१६ ची, फक्त ६८ हजार माईल. काका म्हणतात सात वर्षं सात एमओटी झाल्या, एकदाही फेल नाही, गेल्या महिन्यातलीच ताजी आहे. दुसरी एका डीलरकडची पाच सीटर पेट्रोल इस्टेट (मागे सामानाला लांब जागा असलेली कार), मे २०१७ ची, ७४ हजार माईल, आणि ती दोनदा नापास झालेली आहे. मिस्टर म्हणतात नापास गाडी कोण घेतं, सासरे पण व्हिडिओ कॉलवर तेच. मला मात्र काकांच्या गाडीच्या पासखालच्या बारीक टिपा वाचून धाकधूक होतेय, आणि काकांना नाही म्हणायचं तर मंडळात तोंड कसं दाखवायचं. दोन्हींची एमओटी हिस्टरी खाली चिकटवलीय. आणि दरवर्षी हमखास पास होणारी अशी कुठली गाडी असते का हो? - गोंधळलेली वाचक"

तर ताई, पहिल्यांदा एक सांगते, टिपा वाचायचं तुम्हाला सुचलं ना, तिथेच निम्मं काम झालंय. बहुतेक जण हिरव्या अक्षरातलं पास बघतात आणि स्क्रीन बंद करतात.

तुमच्या सासऱ्यांचं मी चुकीचं म्हणणार नाही, कारण आपल्याकडे खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, तोवर पीयूसीचा कागद सोडला तर गाडी वर घेऊन खालून कोणी बघतच नाही, त्यामुळे पास म्हणजे पास हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे तसं नाही. इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी (नॉर्दर्न आयर्लंडमध्ये चार वर्षांनी सुरू होते), आणि दरवर्षी तपासणाऱ्याने काय लिहिलं ते गाडीच्या नंबरवरून कोणालाही फुकटात वाचता येतं. हे म्हणजे काठावर पास झालेल्या पोराचं प्रगतिपुस्तक शेऱ्यांसकट चव्हाट्यावर लावल्यासारखं आहे. मग नुसता निकाल कशाला बघायचा, शेरे बघा की.

आता तुम्ही चिकटवलेलं काढून बसूया, काकांची गाडी आधी.

२०१९ आणि २०२० स्वच्छ पास, एकही टीप नाही. २०२१ ला पहिली अ‍ॅडव्हायझरी आली (म्हणजे पास, पण लक्ष ठेवा अशी सूचना), पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क झिजलेल्या, खड्डे पडलेल्या, पण फार कमकुवत नाहीत. २०२२ ला त्याच डिस्क पुन्हा, वर मागचा एक टायर संपत आलेला. २०२३ ला डिस्क तिसऱ्यांदा, शिवाय ब्रेकच्या पाइपला गंज दिसायला लागलाय, आणि पुढच्या सस्पेन्शन आर्मच्या बुशमध्ये (जोडातल्या रबरात) थोडी ढिलाई. २०२४ ला हे सगळं जसंच्या तसं, त्यात ऑईल गळतंय पण जास्त नाही अशी भर. आणि मग २०२५, गेल्या महिन्यातली, विकायच्या तोंडावर केलेली, त्यात काहीच नाही. एकदम कोरी.

बघितलंत का काय झालंय? चार वर्षं यादी वाढत गेली आणि पाचव्या वर्षी एका झटक्यात गायब. याचे दोनच अर्थ होतात. एक, काकांनी सगळं काम करून घेतलं, डिस्क बदलल्या, पाइप बदलले, बुश टाकले, गळती बंद केली, आणि तसं असेल तर चांगल्यापैकी मोठं बिल झालेलं असणार, ते बिल मागा, इतका खर्च केलेला माणूस बिल जपून ठेवतोच आणि विचारायच्या आधी दाखवतो. दुसरा अर्थ, काम काहीच झालं नाही, फक्त तपासणारा वेगळा होता आणि त्याने टिपा लिहिल्या नाहीत. हे होतं, आणि यात दरवेळी काही लबाडी असतेच असं नाही. अ‍ॅडव्हायझरी ही तपासणाऱ्याने आपल्या समजेने लिहायची सूचना आहे, एकच बुश एकाला लिहिण्यासारखा वाटतो, दुसऱ्याला वाटत नाही. टेस्ट कुठल्या गॅरेजला झाली हे पण बघता येतं, त्यासाठी लॉगबुकवरचा (गाडीच्या नोंदणीपत्रावरचा) नंबर लागतो, काकांकडून घ्या. आतापर्यंत एकच गॅरेज आणि या वर्षी अचानक दुसरंच, असं निघालं तर मी तरी कान टवकारीन.

आणि ते सात वेळा पास. मला विचाराल तर यात कौतुक नाही आणि दोषही नाही, त्यातून फारसं काही कळतच नाही. काही लोक टेस्टच्या आधी गाडी गॅरेजला दाखवून बल्ब-टायर करून घेतात, मग अर्थातच फेल होत नाहीत, ही उत्तम सवय आहे. पण काकांच्या हिस्टरीत तशी सवय दिसत नाही, कारण आधी दाखवून काम करून घेणाऱ्या माणसाच्या डिस्क चार वर्षं सलग टिपेत येत नाहीत. म्हणजे गाडी पास होत राहिली कारण झीज अजून रेषेच्या अलीकडे होती. दरवर्षी रेषेच्या थोडी आणखी जवळ. ती रेषा ओलांडायची वेळ नेमकी तुमच्या नावावर गाडी आल्यावर येणार, हे माझं खरं दुखणं आहे.

आता माईल बघा, इथे सगळे फसतात. प्रत्येक टेस्टला माईल लिहिलेले असतात. काकांची गाडी २०१९ पर्यंत वर्षाला बारा हजार पळत होती, २०२१ नंतर वर्षाला दोन-अडीच हजार. (मीटर मागे फिरवलेलं नाही हे पण यातूनच कळतं, आकडा कुठे कमी झालेला नाही, ही जमेची बाजू.) रिटायर झाले असणार, आता मंदिर, किराणा, कधीतरी एअरपोर्ट. ऐकायला किती छान वाटतं ना, आजोबांनी वापरलेली गाडी. पण डिझेल गाडीला ही वागणूक सगळ्यात वाईट. तिच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला, तो आतली काजळी जाळून स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी गाडी चांगली तापून बराच वेळ सलग पळावी लागते. तीन-चार माईलच्या चकरा मारून तो भरत जातो. तो चोंदला की इंजिनाचा दिवा लागतो, आणि इंजिनाचा दिवा लागलेला असला तर तुमच्या यादीतल्या दोन्ही गाड्यांच्या वयाला एमओटीत सरळ फेल. फिल्टर काढून टाकलाय असं दिसलं तरी फेल. एक्झॉस्टमधून डोळ्यांना दिसेल असा धूर आला तरी फेल, हे नियम २०१८ च्या मे महिन्यापासून कडक झाले.

आणि तुम्ही गाडी कशाला घेताय? शाळा, नर्सरी, सुपरमार्केट, स्विमिंग क्लास. म्हणजे काकांनी जे चार वर्षं केलं तेच तुम्ही पुढे करणार. फिल्टर बिचारा.

आता डीलरवाली.

पहिली टेस्ट नोव्हेंबर २०२० ला, आणि तुम्ही पत्रात कंसात विचारलंय की मे २०१७ ची गाडी तीन वर्षांनी म्हणजे मे २०२० ला तपासायला हवी होती, सहा महिने विनातपासणी कशी फिरली, काही घोळ आहे का. घोळ नाही. कोविडमध्ये ३० मार्च २०२० पासून ज्यांची एमओटी संपत होती त्या गाड्यांना सरकारनेच सहा महिन्यांची मुदतवाढ दिली होती, १ ऑगस्टपासून ती बंद झाली. त्यामुळे २०२० मध्ये असं भोक दिसलं तर घाबरू नका. दुसऱ्या कुठल्या वर्षी दिसलं असतं तर जरूर विचारायचं, की मधले महिने गाडी कुठे होती.

२०२१ ला फेल: एक टायर मर्यादेपेक्षा जास्त झिजलेला आणि नंबर प्लेटवरचा दिवा बंद. त्याच दिवशी संध्याकाळी पास. २०२२ ला पास, टीप अशी की पुढचे ब्रेक पॅड पातळ होतायत. २०२३ ला फेल, पुढची कॉइल स्प्रिंग तुटलेली, दोन दिवसांनी पास, आणि पॅडची टीप गेलेली. २०२४ ला पास, मागचे टायर झिजत आलेत एवढंच. माईल दरवर्षी नऊ हजारांच्या आसपास, सरळ रेषेत.

ताई, मला ही हिस्टरी आवडली. मनापासून. नंबर प्लेटचा बल्ब गेला म्हणून फेल, यात गाडीचा काय दोष, मालकाने मागे जाऊन बघितलं नव्हतं एवढाच अर्थ. स्प्रिंग तुटणं इथल्या रस्त्यांवर अगदी नेहमीचं, हिवाळ्यात मीठ टाकतात त्याने गंजते आणि एखाद्या खड्ड्यात कडक करून तुटते, आतून आवाज पण येत नाही कधीकधी. महत्त्वाचं हे की एका वर्षी लिहिलेलं पुढच्या वर्षी पुन्हा दिसत नाही. पॅडची टीप आली, पॅड बदलले. स्प्रिंग तुटली, दोन दिवसांत नवीन. म्हणजे आधीच्या मालकाला कोणीतरी सांगितलं की तो करत होता. अशा माणसाने इंजिन ऑईल पण वेळेवर बदललेलं असण्याची शक्यता जास्त, आणि ही गोष्ट एमओटीत कधीच दिसत नाही, कारण इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स कसे आहेत हे एमओटीत तपासतच नाहीत! हे लोकांना माहीतच नसतं. क्लच शेवटचा श्वास घेत असला तरी गाडी आरामात पास. तपासणारा काही उघडून बघत नाही, जे दिसतं, हलतं, उजळतं, थांबतं तेवढंच बघतो, आणि ते पण त्या दिवसापुरतं. सर्टिफिकेट हातात आल्यावर दुसऱ्या दिवशी काय होईल याची कोणी हमी घेतलेली नसते.

म्हणून सर्व्हिसचे कागद वेगळे मागायचे. दोन्हींकडून.

हमखास पास होणाऱ्या गाडीचं विचारलंत. सरळ उत्तर, नाही. इथे दर चार गाड्यांत एकीहून जास्त गाड्या पहिल्या फेरीत फेल होतात, आणि वय वाढेल तसं ते प्रमाण वाढतच जातं, तुम्ही बघताय त्या आठ-नऊ वर्षांच्या गाड्या चढावरच आहेत. फेल होण्याची नेहमीची कारणं काढलीत तर दिवे, सस्पेन्शन, ब्रेक, टायर, पुढची काच-वायपर हीच. यातलं निम्मं तरी कंपनीच्या लोगोशी संबंध नसलेलं आहे. जपानी गाड्या सरासरीने बऱ्या ठरतात हे खरं, पण बल्ब जपानी गाडीचा पण जातो, आणि किया असो की टोयोटा, खड्ड्याला काय कळतंय.

सरकार सगळ्या टेस्टचा डेटा नावं काढून खुला करतं, त्यावरून अमुक मॉडेल इतके टक्के पास अशा याद्या लोक बनवतात, त्या मिस्टरांनी बघितल्या असतीलच. वाचा, पण एक लक्षात ठेवून वाचा, की छोटी हॅचबॅक वर वर दिसते तेव्हा ती बऱ्याचदा कमी पळालेली असते, आणि सात सीटर खाली दिसते कारण ती माणसं, सामान, सायकली भरून पळालेली असते, ब्रेक आणि स्प्रिंगवर रोज जास्त वजन. त्याच वयाच्या, तितक्याच माईलच्या, त्याच इंजिनाच्या गाड्यांची तुलना असेल तर तिला अर्थ. नाहीतर मालक कसे होते याचीच यादी समजायची.

नापास शब्दाची एवढी धास्ती कशाला घेता तेच मला कळत नाही, खरं तर. गाडी तिथेच ठेवून दुरुस्त करून घेतली आणि दहा वर्किंग डेजच्या आत पुन्हा तपासली तर पुन्हा तपासणीची फी लागत नाही. कारच्या टेस्टची फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड ठरवून दिलेली आहे, बरीच गॅरेजं त्याहून कमी घेतात. खर्च असतो तो दुरुस्तीचा, आणि तो फेल झालात तरी करायचाय, न होता आधी केलात तरी करायचाय. फक्त एक प्रकार गंभीर. दोष तीन प्रकारांत लिहितात, मायनर, मेजर आणि डेंजरस. मायनर असेल तर पास. मेजर म्हणजे फेल, दुरुस्त करा. डेंजरस लिहिलं असेल तर जुन्या सर्टिफिकेटची मुदत शिल्लक असली तरी गाडी तिथून चालवत न्यायची नाही, दंड अडीच हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो, वर लायसन्सवर पॉइंट. कुठल्याही जुन्या गाडीच्या हिस्टरीत मला डेंजरस शब्द दिसला, विशेषतः टायर किंवा ब्रेकसमोर, तर मी मालकाबद्दल मत बनवून टाकते. तो माणूस तशा टायरवर हायवेला फिरत होता ना.

तुमच्या दोन्हींत तो शब्द नाहीये, मी पुन्हा शोधून बघितला.

आणखी एक टीप जी वाचून तुम्ही घाबरलात, इंजिनाखाली आवरण असल्याने खालचे काही भाग दिसले नाहीत, ती काही दोषाची नाही. तपासणारा स्वतःला सांभाळून घेतोय एवढंच. पण गंजाची टीप मात्र कधीच हलकी घेऊ नका. टायर आणि पॅड बदलून विषय संपतो, गंज तसा संपत नाही, तो फक्त पुढे सरकतो, आणि सस्पेन्शन किंवा सीट बेल्ट जिथे बॉडीला जोडलेत तिथे पोचला की वेल्डिंगशिवाय पास नाही. काकांच्या ब्रेक पाइपचा गंज म्हणूनच मला टोचतोय. पाइप बदलता येतात, पण पाइप गंजलेत तर शेजारचं काय, हे गाडी वर घेऊन टॉर्च मारल्याशिवाय कळणार नाही.

बघायला जाल तेव्हा मुलांना आणि मिस्टरांना दोघांना कामाला लावा. इग्निशन चालू केल्यावर सगळे वॉर्निंग दिवे आधी लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत, एअरबॅगचा दिवा लागलाच नाही तर तो कोणीतरी मुद्दाम बंद केलाय असं धरून चाला. एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून तिन्ही दिवे बघायचे, मग इंडिकेटर, रिव्हर्स, नंबर प्लेट. टायरच्या खाचेत २० पेन्सचं नाणं उभं घाला, नाण्याची बाहेरची कड दिसत राहिली तर टायर संशयास्पद, कायद्याने मधल्या तीन चतुर्थांश पट्ट्यात सगळीकडे किमान १.६ मिमी खोली लागते. टायरची आतली बाजू हात घालून चाचपा, स्टेअरिंग पूर्ण वळवून, कारण बाहेरून नवा दिसणारा टायर आतून टक्कल पडलेला असतो आणि मग व्हील अलाइनमेंट किंवा बुशचा प्रश्न असतो, काकांच्या गाडीत हे नक्की बघा. काचेवर ड्रायव्हरच्या समोरच्या पट्ट्यात एक सेंटीमीटरहून मोठी खूण असेल तर तीही फेल. वॉशरचं पाणी येतंय का, हॉर्न वाजतोय का. हसू नका, पाण्याच्या रिकाम्या टाकीने लोक खरंच फेल होतात.

फॅमिली कारचं खास म्हणजे सीट बेल्ट. सगळे बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, झटका द्या, अडकायला हवेत, मग सोडा, स्वतःहून आत जायला हवेत. बकलमध्ये बिस्किटांचा चुरा आणि ज्यूस जाऊन तो नीट बसत नाही, हे मुलं असलेल्या घरच्या गाडीत सर्रास. सात सीटरची तिसरी रांग वर्षानुवर्षं मिटलेली असते, ती उघडून त्याचेही दोन बेल्ट बघा. आणि काकांना आधीच सांगून ठेवा की आम्ही पोचेपर्यंत गाडी चालू करू नका, डिझेल थंड असताना कशी सुरू होते, धूर येतो का, ते बघायचंय.

सीटचा मुद्दा. वर्षातले कितीतरी आठवडे तुम्ही चौघंच असणार आणि सासू-सासरे आले की सहा जण. त्या दिवसांसाठी बारा महिने सात सीटर डिझेल सांभाळायची का, हा हिशोब घरात मांडा. फिरायला जायच्या वीकेंडला मोठी गाडी भाड्याने घेतलेली बहुतेक वेळा परवडते, आणि एरवी शाळेच्या चकरांना पेट्रोलच बरी. पण सासू-सासरे दरवर्षी सहा-सहा महिने राहत असतील तर मला वेगळं बोलावं लागेल, मग सात सीटरच बघा पण पेट्रोल किंवा हायब्रिड, आणि हीच हिस्टरी वाचायची पद्धत वापरून.

माझं मत, डीलरची इस्टेट. पण तिलाही तशीच उचलू नका. तिची एमओटी येत्या नोव्हेंबरात संपतेय, म्हणजे तुम्ही घेतली की लगेच परीक्षा. डीलरला सांगा विक्रीच्या आधी नवीन एमओटी करून द्या, आणि त्यांच्या ओळखीच्या गॅरेजला नको, कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) टेस्ट सेंटरला करा. कौन्सिलला स्वतःच्या गाड्या तपासायच्या असतात म्हणून बऱ्याच ठिकाणी त्यांचं सेंटर असतं, बाहेरच्यांनाही तिथे जाता येतं, आणि तिथे सहसा दुरुस्ती करत नाहीत, त्यामुळे फेल करून काम मिळवायचा मोह नाही आणि पास करून गाडी खपवायचाही नाही. ते मागचे टायर तेव्हाच बदलून मागा. डीलर कुरकुर करेल, करू दे. डीलरकडून घेतली की कायद्याने आधार पण जास्त मिळतो, २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्टनुसार दोषी निघाली तर पहिल्या ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात. खासगी माणसाकडून घेताना हे कवच नाही, तिथे गाडी सांगितली तशी आहे का एवढंच, आणि मंडळातल्या काकांशी तुम्ही कोर्टात थोडीच भांडणार आहात.

राहिले काका. मिस्टरांच्या मनात त्यांचीच गाडी असेल तर भांडू नका, त्यांना एक संधी द्या, कारण बिलं खरंच असतील तर गाडी वाईट नाही. त्यांना असा मेसेज करा, शब्द हवे तसे बदला:

"काका नमस्कार. गाडी आवडली. एमओटी हिस्टरीत २०२१ ते २०२४ मध्ये डिस्क, ब्रेक पाइप, बुश आणि ऑईल गळतीची नोंद आहे, या वर्षी नाहीये, म्हणजे तुम्ही काम करून घेतलं असणार. त्याची बिलं पाठवाल का? आणि आमच्या खर्चाने एकदा बाहेरच्या मेकॅनिकला खालून दाखवून घेऊ का? लहान मुलं बसणार म्हणून जरा जास्त चौकशी करतोय, राग मानू नका."

यात कुठेही अविश्वास नाही, मुलांचं नाव पुढे केलं की कोणाला लागत पण नाही. एए किंवा आरएसीचे (रस्त्यात गाडी बंद पडली की मदतीला येणाऱ्या कंपन्या) लोक घरी येऊन तपासणी करून लेखी रिपोर्ट देतात, तोही चालेल, पैसे तुमचे जातील पण सासऱ्यांना दाखवायला कागद राहील. बिलं आली आणि मेकॅनिक ठीक म्हणाला तर डिझेल आणि छोट्या चकरांचा प्रश्न शिल्लक ठेवून किंमत बोला. काका चिडले, किंवा अगं पास आहे ना मग कशाला, एवढंच म्हणाले, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. मंडळात सांगायचं की आम्हाला डिझेल नको होतं. खरंच आहे ते.

इस्टेट घेतलीत तर दर महिन्याला थोडे पैसे गाडीच्या नावाने वेगळे टाकत जा, आठ वर्षांची गाडी आहे, पुढच्या दोन-तीन वर्षांत ती एकदा तरी फेल होईल आणि तेव्हा घरात कोणी मी सांगितलं होतं म्हणायचं नाही, हे आत्ताच मिस्टरांशी ठरवून घ्या. एमओटीची तारीख संपायच्या एक महिना आधीपासून (एक दिवस कमी) टेस्ट करता येते आणि पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते, तेव्हा शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, दुरुस्तीला वेळ हवा. आणि सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून रिमाइंडर लावून ठेवा, फुकट आहे, महिनाभर आधी मेसेज येतो.